मार्शल बेटांपासून मॉरिशसपर्यंत: छोट्या देशांतला कॅन्सर कसा समजून घ्यावा

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. छोट्या बेटदेशांत कॅन्सरचं प्रमाण जास्त असतं का? असेल तर त्याला अणुचाचण्या जबाबदार आहेत, कीटकनाशकं, आनुवंशिकता की खाणंपिणं? आणि लाखभर वस्तीच्या देशाने स्वतःचं कॅन्सर हॉस्पिटल बांधावं का? कॅन्सर नोंदणीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'बेटदेशांचा कॅन्सर' असा एकच प्रकार नाही. पापुआ न्यू गिनीत तोंडाचा कॅन्सर, कॅरिबियन बेटांत प्रोस्टेटचा, सामोआ-टोंगात गर्भपिशवीचा, किरिबातीत हेपटायटिस बीमुळे यकृताचा, असं प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. मात्र या देशांत दोन गोष्टी समान आहेत. तिथला आकडा सहज फसवतो. आणि तिथले बरेचसे कॅन्सर हॉस्पिटलात ठरत नाहीत, ते त्याच्या वीस-तीस वर्षं आधी बंदरावर, शाळेत आणि बाळंतिणीच्या खोलीत ठरलेले असतात.

आधी आकड्याचं पाहू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. निउए हा देश सुमारे सतराशे लोकांचा. समजा तिथे वर्षाला सरासरी सहा नवे रुग्ण सापडतात. मग काहीही बदललेलं नसताना, निव्वळ योगायोगाने, एखाद्या वर्षी दोन आणि एखाद्या वर्षी अकरा रुग्ण मिळू शकतात. अकराच्या वर्षी 'प्रमाण जवळपास दुप्पट झालं' अशी बातमी होते, दोनच्या वर्षी कुणी काही लिहीत नाही. म्हणून एवढ्याशा देशाचा एका वर्षाचा दर मी वाचतच नाही. दहा वर्षांची बेरीज मागते, आणि दराच्या शेजारी रुग्णांची प्रत्यक्ष संख्या छापलेली नसेल तर तो तक्ता बाजूला ठेवते.

दुसरी अडचण लोकसंख्येची. निउए, कुक बेटं आणि टोकेलाऊ इथल्या लोकांना न्यूझीलंडचं नागरिकत्व आहे. शंका आली की माणूस विमानाने ऑकलंडला जातो, निदान तिथे होतं, उपचार तिथे होतात, मृत्यूची नोंदही तिथेच. बेटावरच्या वहीत तो कधी येतच नाही. मार्शल बेटांची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ५३ हजार होती, ती २०२१मध्ये ४२ हजारांवर आली. लोक अमेरिकेत, विशेषतः आर्कान्सा राज्यात जाऊन राहिले. अशा ठिकाणी दर काढताना खाली जुनी लोकसंख्या धरली तर कॅन्सर कमी दिसतो, आणि आजारी माणसं आधी निघून गेली असतील तर तो आणखी कमी दिसतो.

तिसरी अडचण निदानाची. बऱ्याच बेटांवर पॅथॉलॉजिस्ट नाही. बायॉप्सीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून फिजी, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला पाठवायचा आणि रिपोर्टची वाट पाहायची. यकृताच्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठीचा तुकडा बहुधा घेतलाच जात नाही. मृत्यूच्या दाखल्यावर 'पोटात गाठ' किंवा नुसतं 'वार्धक्य' येतं. जागतिक तक्त्यांत अशा देशांचे जे आकडे दिसतात ते अनेकदा शेजारच्या देशांवरून बांधलेले अंदाज असतात, आणि अगदी लहान देशांना तर स्वतंत्र ओळही मिळत नाही. प्रशांत महासागरातल्या अमेरिकेशी संलग्न सहा बेटप्रदेशांनी मिळून गुआममध्ये सामाईक नोंदणी चालवली, ती याच कारणाने. कॅरिबियन देशांसाठीही त्रिनिदादमधून तशी मदत दिली जाते. एकट्याने धड नोंदणी चालवण्याइतकी माणसं कुणाकडेच नाहीत.

हे काम अशक्य नाही, हे आपल्याला सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने दाखवलं आहे. १९८७मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. गावात कॅन्सरचं निदान करणारं कुणी नव्हतं, म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, लक्षणं समजावली, संशयित रुग्णांना तपासणीला आणलं. रुग्ण हॉस्पिटलात येईल तेव्हा त्याची नोंद करू, असं म्हणत बसले असते तर वही कोरी राहिली असती. दूरच्या प्रवाळबेटांवर नोंदणी करायची तर पद्धत हीच लागते.

आता अणुचाचण्यांकडे येते, कारण मार्शल बेटांचं नाव निघालं की सगळे तिथेच थांबतात. अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक इथे ६७ अण्वस्त्र चाचण्या केल्या. १ मार्च १९५४चा 'कॅसल ब्राव्हो' स्फोट १५ मेगाटनांचा होता. त्याची किरणोत्सर्गी राख रोंगेलाप बेटावर पडली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. १९५७मध्ये त्यांना 'आता सुरक्षित आहे' म्हणून परत आणलं, आणि १९८५मध्ये त्यांनी स्वतःहून बेट सोडलं. राखेतलं किरणोत्सर्गी आयोडीन थायरॉइड ग्रंथीत साठतं, आणि लहान मुलांची ग्रंथी छोटी असल्याने त्यांना मात्रा जास्त बसते. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांखालची असलेली रोंगेलापची बहुतेक मुलं पुढे थायरॉइडच्या गाठींनी आजारी झाली. यात वादाला जागा नाही. हा अन्याय आहे आणि त्याची भरपाई आजही पुरी झालेली नाही.

पण प्रश्न सगळ्या देशाचा असेल तर हिशेब वेगळा दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१०मध्ये मात्रांचं सविस्तर गणित मांडलं. १९४८ ते १९७० या काळात तिथे हयात असलेल्या सुमारे पंचवीस हजार लोकांच्या आयुष्यभरातल्या कॅन्सरपैकी १.६ टक्के किरणोत्सर्गामुळे होतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्या दिवशी रोंगेलाप आणि शेजारच्या आयलिंगिनाएवर असलेल्या ८२ लोकांसाठी मात्र हाच आकडा ५५ टक्के आहे. दोन्ही आकडे एकत्रच सांगायला हवेत. फक्त पहिला सांगितला तर रोंगेलापच्या माणसांवरचा घाव पुसला जातो. फक्त दुसरा सांगितला तर राजधानी माजुरोमध्ये आज कॅन्सरने मरणाऱ्या बाईचं कारण नजरेआड होतं. त्या बाईला बहुधा गर्भाशयमुखाचा कॅन्सर असतो, आणि मार्शल बेटांत त्याचं प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या आकड्यांत मोडतं. तो विषाणूमुळे होतो. त्याची लस आहे, त्याची तपासणी आहे.

बॉम्बचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो कुठल्याही मात्रेच्या गणितात येत नाही. ज्यांची बेटं दूषित झाली त्यांचे नारळ, केवडा, खेकडे हे खाणंच बंद झालं. त्यांच्या जागी तांदूळ, मैदा, साखर आणि डबाबंद मांस जहाजाने येऊ लागलं. इतर मार्शलवासीही क्वाजालेनच्या लष्करी तळाशेजारी एबे या चिंचोळ्या बेटावर दाटीवाटीने राहू लागले. तिथे शेती नाही, मासेमारीला जागा नाही. मधुमेह आणि लठ्ठपणा त्या मार्गाने आले. मला हा धागा किरणोत्सर्गाइतकाच गंभीर वाटतो.

इथे बंदराची गोष्ट सुरू होते. टोंगा आणि नौरू इथे प्रौढांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोक लठ्ठ आहेत. आपल्याकडे लठ्ठपणा म्हटलं की हृदयविकार आणि मधुमेह आठवतो, कॅन्सर फारसा आठवत नाही. पण चरबीच्या पेशी शरीरातल्या इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करतात. पाळी अनियमित झाली, बीज सुटलं नाही, तर त्या इस्ट्रोजेनला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भपिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि काही स्त्रियांत तिथे कॅन्सर होतो. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या पॅसिफिक वंशाच्या स्त्रियांत हा कॅन्सर सर्वाधिक आहे, आणि तो तरुण वयात दिसतो आहे. पस्तिशीतल्या बाईला महिनोन्‌महिने जास्त रक्तस्राव होतो आणि 'वजन कमी कर' एवढंच ऐकून ती घरी परतते, हे थांबलं पाहिजे. लवकर सापडला तर गर्भपिशवी काढण्याच्या एका शस्त्रक्रियेने हा कॅन्सर बहुधा बरा होतो, आणि ती शस्त्रक्रिया बेटावरचा सर्जन करू शकतो.

हे खाणं आलं कुठून, तेही पाहा. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात ज्याला फारसं गिऱ्हाईक नाही ते मेंढीच्या पोटाकडचं चरबीचं मांस आणि अमेरिकेतून टर्कीच्या शेपट्या या बेटांवर स्वस्तात विकल्या गेल्या. फिजीने २०००मध्ये त्या मेंढीच्या मांसाची विक्री बंद केली. सामोआने २००७मध्ये टर्कीच्या शेपट्यांवर बंदी घातली, पण जागतिक व्यापार संघटनेत शिरताना ती बंदी उठवून तिच्या जागी आयातकर लावावा लागला. एका छोट्या देशाचा आरोग्यमंत्री आणि व्यापारमंत्री एकाच टेबलावर बसलेले असताना कुणाचं ऐकलं जातं, ते यातून कळतं. तरीही मोठ्या देशाच्या तुलनेत बेटाकडे एक ताकद आहे: माल एक-दोन बंदरांतूनच येतो. कर लावायचा ठरवला तर तो चुकवणं अवघड. तंबाखूला हे सर्वाधिक लागू पडतं. नौरूत जवळपास निम्मे प्रौढ तंबाखू वापरतात, आणि नौरूत तंबाखू पिकत नाही. प्रत्येक सिगारेट जहाजातून किंवा विमानातून उतरते.

सुपारीचं मात्र तसं नाही, ती परसात पिकते. पापुआ न्यू गिनीत सुपारीला बुआई म्हणतात. ती चावायची, मग मिरवेलीच्या जातीच्या वेलीची शेंग चुन्यात बुडवून गालात धरायची. तिथल्या अनेकांच्या विड्यात तंबाखू नसतो. तरी तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण जगात अगदी वर आहे, आणि चुना गालात जिथे लागतो तिथेच बरेचदा गाठ उठते असं तिथल्या डॉक्टरांना दिसलं. आपल्याकडे गुटखाबंदीनंतरही 'नुसती सुपारी चालते' असं म्हणणाऱ्यांनी मेलनेशियाकडे, म्हणजे पापुआ न्यू गिनी आणि शेजारच्या बेटांकडे पाहावं. आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने २००४मध्ये सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवलं आहे. पलाऊ आणि याप इथे तर विड्यात सिगारेटचा तुकडाही घालतात, शाळकरी मुलंसुद्धा.

आनुवंशिकतेबद्दल विचारलं आहे, त्याचं उत्तम उदाहरण बहामाज. तिथल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत, घरचा इतिहास न पाहता तपासलं तेव्हा, सुमारे २३ टक्के स्त्रियांत बीआरसीए-१ जनुकातले, स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारे मोजकेच ठरावीक दोष सापडले. इतर बहुतेक देशांत बीआरसीए-१ आणि २ मिळून हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास असतं. थोड्या पूर्वजांपासून लोकसंख्या वाढली की असं होतं. दोष मोजके असल्यामुळे तपासणी स्वस्तात होऊ शकते, आणि एका रुग्णाकडून तिच्या बहिणी-मुलींपर्यंत पोचता येतं. कीटकनाशकांचं उदाहरण ग्वादलूप आणि मार्टिनिकचं. ही कॅरिबियन बेटं स्वतंत्र देश नाहीत, फ्रान्सचे भाग आहेत. केळीच्या बागांत १९७२ ते १९९३ क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरलं गेलं. अमेरिकेत त्याच्या कारखान्यातले कामगार आजारी पडून उत्पादन १९७५मध्येच थांबलं होतं. आज तिथल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या रक्तात ते सापडतं, आणि ग्वादलूपमधल्या अभ्यासात जास्त संपर्काचा प्रोस्टेटच्या कॅन्सरशी संबंध दिसला. २०२१मध्ये फ्रान्सने शेतमजुरांसाठी प्रोस्टेटच्या कॅन्सरला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली. कॅरिबियन पुरुषांत प्रोस्टेटचा कॅन्सर या रसायनाविना असलेल्या बेटांवरही जास्त आहे, म्हणून सगळा दोष त्यावर टाकता येत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते: एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारा तो विषाणू. यात आपल्या महाराष्ट्राचा आणि फिजीचा वाटा एकत्र आला आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे.

उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९मध्ये आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जिथे बाई वर्षातून एकदाही दवाखान्यात येणार नाही अशा ठिकाणी 'एकदाच' हा शब्द सोन्याचा आहे. आता पापुआ न्यू गिनीत बाई स्वतःच नमुना घेते, छोट्या यंत्रावर त्याच दिवशी निकाल मिळतो आणि गरज पडली तर त्याच भेटीत उष्णतेने उपचारही होतो. बोटीने दोन दिवसांवर राहणाऱ्या बाईला 'पुढच्या महिन्यात या' म्हणणं म्हणजे तिला नाही म्हणणंच आहे.

लशीचंही तसंच. २००९मध्ये भारतात दोन विरुद्ध तीन डोसांचा अभ्यास सुरू झाला, बार्शी आणि पुणे ही त्याच्या केंद्रांपैकी होती. २०१०मध्ये सरकारने तो थांबवला, त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला गेला, आणि कळलं की एका डोसनेही विषाणूचा टिकाऊ संसर्ग जवळपास तितकाच टळतो. त्याच सुमारास फिजीत देणगीतली लस मिळाली होती आणि तिथेही काही मुलींचे डोस अर्धवट राहिले होते. सहा वर्षांनी त्यांच्या रक्तात, मूळ फिजीयन आणि भारतीय वंशाच्या मुलींतही, एका डोसच्या प्रतिपिंडांचा माग टिकलेला दिसला. अशा पुराव्यांवर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली. शंभर बेटांवर विखुरलेल्या देशासाठी याचा अर्थ असा की आरोग्यसेविकेची बोट तीनदा न जाता एकदाच गेली तरी चालतं.

यकृताच्या कॅन्सरलाही हेच लागू. हेपटायटिस बी आईकडून बाळाला झाला तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो, म्हणून पहिल्या चोवीस तासांतली लस महत्त्वाची. ही लस काही काळ फ्रिजबाहेर टिकते. सोलोमन बेटांवर ती तशी ठेवून फ्रिज नसलेल्या उपकेंद्रांतही बाळांना वेळेत देता आली.

राहिला हॉस्पिटलचा प्रश्न. इथे माझं मत ठाम आहे. टोंगासारख्या लाखभर वस्तीच्या देशात वर्षाला समजा सव्वाशे नवे रुग्ण धरले, तर रेडिओथेरपी साधारण निम्म्यांना लागेल. रेडिओथेरपीचं एक यंत्र, म्हणजे लिनियर अॅक्सिलरेटर, वर्षाला चारशे ते पाचशे रुग्णांसाठी असतो. त्यासोबत किरणांची मात्रा बघणारा फिजिसिस्ट, तंत्रज्ञ, दुरुस्तीचा इंजिनिअर आणि खंड न पडणारी वीज हवी. फिजिसिस्ट एकच असेल आणि तो नोकरी सोडून सिडनीला गेला तर मशीन बंद. अशा देशाने रेडिओथेरपीसाठी शेजाऱ्याशी करार करावा. औषधखरेदी एकत्र करावी: पूर्व कॅरिबियन देश सेंट लुसियातल्या सामाईक कार्यालयामार्फत १९८६पासून ती करत आहेत आणि त्यांना भाव कमी मिळतो. स्वतःकडे मात्र एक चांगला सर्जन, पॅथॉलॉजीचा नमुना वेळेत पाठवण्याची आणि रिपोर्ट आणण्याची पक्की व्यवस्था, आणि तोंडावाटे द्यायचं मॉर्फिन हवंच.

मॉरिशसचं गणित वेगळं आहे. साडेबारा लाख वस्ती असल्यामुळे तिथे रेडिओथेरपी परवडते आणि ती आहे. आपल्या कोकणातून एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्यांची मराठी घरं तिथे आजही आहेत, म्हणून हा देश आपल्या वाचकांना जवळचा. तिथे १९८७मध्ये सरकारने रेशनच्या स्वस्त तेलात पामतेलाऐवजी सोयाबीन तेल आणलं, आणि पाच वर्षांत साऱ्या लोकसंख्येचं सरासरी कोलेस्टेरॉल लक्षणीय उतरलं. कॅन्सरशी त्याचा थेट संबंध नाही, पण एका आयात-निर्णयाची ताकद किती असते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. सिगारेटच्या पाकिटावर चित्रमय इशारे तिथे २००९मध्ये आले, आणि २०२३मध्ये आफ्रिकेतला पहिला देश म्हणून त्यांनी पाकिटावरची कंपनीची सजावटच काढून टाकली. तरी अवघड शस्त्रक्रियांसाठी तिथले रुग्ण अजून चेन्नई, मुंबई, दिल्लीला येतात.

परदेशी पाठवण्याच्या योजनांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. बहुतेक बेटदेशांत एक समिती ठरवते की कुणाला पाठवायचं, आणि नियम साधारण असा असतो की बरं होण्याची शक्यता चांगली असेल तरच. पैसा मर्यादित असताना हा नियम मी चुकीचा म्हणणार नाही. पण त्या बेटांवर बहुसंख्य रुग्ण उशिरा येतात, म्हणजे समिती बहुतेकांना नाही म्हणते. ज्यांना नाही म्हटलं त्यांच्यासाठी त्याच कागदावर पुढची सोय लिहिलेली असली पाहिजे: मॉर्फिन कोण देणार, जखमेची पट्टी कोण बदलणार, घरी कोण जाणार. मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत. त्या बेटावर नसतात त्या परवान्याच्या नियमांमुळे, लिहून द्यायला शिकलेला डॉक्टर नसल्यामुळे आणि वर्षाला किती लागेल याचा अंदाज कुणी वेळेत न पाठवल्यामुळे. या तिन्ही गोष्टी एका आरोग्य खात्याला एका वर्षात दुरुस्त करता येतात.